उजव्या खुर्चीसाठी अर्ज

४ मार्च

प्रिय भिंगरी,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. अकरा वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणजे मनात आधी काय येतं ते मला कळतं, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. मी बरी आहे. तुझे भावोजीही बरे आहेत, एक गुडघा सोडला तर.

मला एक विचारायचं आहे. संगणकात बसवायला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे, मध्यम किमतीतलं. दोन कार्डांमध्ये जीव अडकलाय. एकात आठ जीबी मेमरी आहे आणि वेग जास्त. दुसऱ्यात सोळा जीबी आहे, पण वेग जरा कमी. किंमत जवळजवळ सारखीच. विमान चालवायला यातलं कोणतं बरं?

आता तू खुर्चीत सरळ होऊन बसला असशील. सांगते.

गेल्या वर्षी मी दवाखाना बंद केला. चौतीस वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून 'हे बरं की हे?' विचारलं, आता पुरे म्हटलं. दवाखान्यातला संगणक घरी आणला. डोळ्यांच्या पडद्याचे फोटो साठवायला घेतला होता, चांगला दणकट आहे. सकाळी चहा झाला की त्याच्यासमोर बसते आणि मनात येईल ते शोधते. मधमाशीला कोणते रंग दिसतात, चंद्र क्षितिजावर मोठा का वाटतो, असलं काहीबाही. महिन्यापूर्वी सहज लिहिलं, 'विमान कसं उतरवतात'. तिसरा का चौथा व्हिडिओ लागला. पडद्यावर विमानाच्या आतलं सगळं, चेहरा कुणाचाच नाही, आणि एक आवाज म्हणाला, "आता बघा हं, अगदी अल्लद. झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतात तसं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. आवाज बाबांचा होता. मग वर नाव वाचलं, 'भिंगरी एअरवेज'. हात पसरून अंगणभर गरगर फिरणाऱ्या मुलाला हे नाव मीच ठेवलं होतं. ते जगात तुझ्याशिवाय तीन माणसांना माहीत होतं, त्यातली दोन आता नाहीत.

तेव्हापासून तुझे एकशे बारा व्हिडिओ पाहून झाले. विमान खरं नसतं, संगणकातलं असतं, हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. तुझ्या भावोजींनी सांगितलं. मी त्यांना म्हणाले होते, "अहो, हा वैमानिक झाला की हो!"

दर रविवारी थेट प्रक्षेपणात तू सहवैमानिकाच्या, उजव्या खुर्चीत कुणाला तरी बसवतोस. तो माणूस त्याच्या घरी, तू तुझ्या घरी, आणि विमान एकच. अट तू लिहून ठेवली आहेस: समोरच्याच्या संगणकावर चित्र अडखळता कामा नये, सेकंदाला निदान चाळीस चित्रं हलली पाहिजेत. माझ्या संगणकावर सात हलतात. विमान पुढे जात नाही, उड्या मारतं. म्हणून कार्ड.

जुनं काही उकरायला हे पत्र नाही. फक्त आठ की सोळा, एवढं सांग.

तुझी ताई

१२ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर ई-मेलवर आलं. मी ते पाच वेळा वाचलं. तीन प्रश्न, ना वर नाव, ना खाली सही: "पॉवर सप्लाय किती वॉटचा? कॅबिनेटच्या आत किती लांबी मोकळी आहे? स्क्रीन किती हर्ट्झचा?" कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी अशा पत्राला दहापैकी दोन गुण दिले असते. मी दहा दिले. उत्तर येईल असं मला वाटलंच नव्हतं.

तर उत्तरं. कॅबिनेट उघडलं. झाकण काढायला मी, बॅटरी धरायला तुझे भावोजी. ते जन्मभर छापखान्यात काम केलेले, यंत्राचं पोट उघडलं की यांचा चेहरा खुलतो. आतली लांबी मी दवाखान्यातल्या पट्टीने मोजली, तीच, जी नाकावर धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजतात. पट्टी लहान, त्यामुळे दोनदा ठेवावी लागली. एकतीस सेंटीमीटर. पॉवर सप्लाय साडेसहाशे वॉट. स्क्रीन साठ हर्ट्झ, म्हणजे कार्डाने शंभर चित्रं काढली तरी तो दाखवणार साठच. बरोबर ना? मग आठ जीबीवाल्याचा जास्तीचा वेग माझ्या स्क्रीनवर दिसणारच नाही, असं मला वाटतं. तुला काय वाटतं?

मग दुकानात गेले. दुकान एका बाईचं आहे, पस्तिशीची असेल. कानामागे स्क्रू ड्रायव्हर खोचलेला, आपण पेन्सिल खोचतो तसा. मला पाहून म्हणाली, "काकू, प्रिंटरची शाई संपली का?"

म्हटलं, "नाही. मध्यम किमतीतली ग्राफिक्स कार्डं दाखवा."

"नातवासाठी?"

"विमानासाठी."

तिने स्क्रू ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. मग तासभर आमची छान जुंपली. तिने तक्ते दाखवले, कुठल्या खेळात कुठलं कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं त्याचे. बहुतेक ठिकाणी आठवालं पुढे. मी म्हटलं, तक्त्यात सरासरी आहे. माझ्याकडे असे लोक यायचे ज्यांचा डोळा तक्त्यावर सहा बाय सहा, अगदी निर्दोष, आणि जिना उतरताना पडायचे. ती हसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही गिऱ्हाईक नाही, परीक्षक आहात."

आई गेली त्या वेळी तू आला होतास, तेव्हा निघताना जे म्हणाला होतास, तेच जवळपास. चार दिवस राहिलास, तेही हॉटेलात, आणि दारात चप्पल घालताना म्हणालास, "ताई, तुझ्यासमोर बसलं की मला अजून तपासणीच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं." दुकानवालीने ते गमतीने म्हटलं. तू तसं म्हटलं नव्हतंस.

असो. तुला ठाऊक आहे का, नव्या कार्डांना प्रकाशाचा एकेक किरण मोजता येतो? कुठून निघाला, काचेवर कसा वाकला, पाण्यावर आपटून कुठे गेला. त्याला रे ट्रेसिंग म्हणतात. आम्ही कॉलेजात पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन एका भिंगातून चार किरण काढायचो, तेवढ्यात तास संपायचा. हे कार्ड सेकंदाला किती कोटी काढत असेल, आणि तेही न चिडता. मला ते हातात धरून बघायची परवानगी मिळाली. जड आहे. तीन पंखे आहेत.

तुझी ताई

२१ मार्च

प्रिय भिंगरी,

या वेळी तू चार ओळी लिहिल्यास. तीन कार्डांबद्दल, चौथी वेगळी. आधी पहिल्या तीन.

मेमरीबद्दल तू म्हणतोस ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दुकानवालीला म्हटलं, मला तक्ते नकोत, दोन्ही कार्डं चालवून दाखवा. ती म्हणाली, "असं कुणी मागत नाही हो." पण तिलाही उत्सुकता होतीच. मंगळवारी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. एकसारखे दोन संगणक शेजारी शेजारी ठेवले, एकात आठवालं, एकात सोळावालं, आणि कुठल्यात कोणतं हे तिने मला सांगायचं नाही. दोन्हींवर तुझाच आवडता मोठा विमानतळ, तेच विमान, तीच दुपार. तपासणीची माझी जन्माची पद्धत: हे बरं की हे? की दोन्ही सारखंच?

वर आकाशात डावं बरं होतं. ढग लोण्यासारखे सरकत होते, उजव्यावर जरा जाडसर. मी म्हटलं, "डावं." खाली उतरायला लागलो, इमारती जवळ आल्या, आणि डाव्याला उचकी लागली. एकदा, दोनदा, मग नेमकी जमीन यायच्या वेळी. चाकं टेकायच्या आधीचा क्षणच गायब. उजवं मात्र जाडसर का होईना, न अडखळता खाली आलं. दुकानवालीला बसवलं, तीही म्हणाली, उजवं. तुझ्या भावोजींना बसवलं, ते म्हणाले, "दोन्हींत मला भीती वाटली."

डावं होतं आठवालं. सगळ्या इमारतींची चित्रं त्याच्या मेमरीत मावत नाहीत, म्हणून ते ऐन वेळी आत-बाहेर करत बसतं. म्हणजे सरासरीत पहिलं येणारं कार्ड उतरताना दगा देतं. मला हे फार आवडलं. म्हणजे दगा नव्हे, ते सापडलं ते. सोळावालं ठरलं.

जाता जाता दुकानवालीचे डोळेही पाहिले. ती तक्ते वाचताना डावा डोळा बारीक करते. तिरक्या नंबराचा, सिलिंडरचा चष्मा लागेल म्हटलं. म्हणाली, "म्हणून मला छोटे स्क्रू दोन-दोन दिसतात का?"

आता तुझी चौथी ओळ. "त्या दिवशी बसमध्ये तू माझ्याशी एक शब्दही का बोलली नाहीस?"

तू अडतीस वर्षं हा प्रश्न ठेवलास आणि तो पॉवर सप्लायच्या खाली लिहिलास. मी उत्तर देईन. आज नाही. आज कार्डाचंच बोलू दे.

ताई

३ एप्रिल

प्रिय भिंगरी,

मी हरले. कार्ड नासकं निघालं.

दुकानवालीने ते बसवून, चालवून, पंखे फिरताना दाखवून दिलं होतं. कॅबिनेट रिक्षातून मांडीवर घेऊन आले. घरी सगळ्या वायरी स्वतःच्या हाताने जोडल्या, हवी तर शपथ घेते. विमान सुरू केलं. सेकंदाला सात चित्रं! पूर्वीइतकीच. एकही जास्त नाही. धावपट्टीवर विमान बेडकासारखं गेलं.

तीन दिवस मी सेटिंग बदलते आहे. सावल्या कमी केल्या, झाडं कमी केली, शेवटी ढगही काढून टाकले. बिनढगांच्या आकाशात सात चित्रं. तुझे भावोजी म्हणतात, "अगं, माणसाला निवृत्त व्हायचं असतं तसं कार्डालाही वाटत असेल." त्यांना मी आज चहा दिलेला नाही.

दुकानवालीला अजून सांगितलं नाही. तिच्याशी इतकं तोऱ्यात बोलले होते. तू सांग, काय बघू?

ताई

५ एप्रिल

भिंगरी,

"स्क्रीनची केबल कुठे लावली आहेस?"

एवढीच ओळ. मी उठले, कॅबिनेट फिरवलं, आणि खाली बसले. दोन वर्षं ती केबल जिथे लावत आले तिथेच लावली होती, वरच्या जुन्या भोकात. नवं कार्ड खाली तीन पंखे फिरवत बिचारं रिकामं बसलं होतं, आणि चित्रं काढत होता संगणकातला मूळचा, जुना भागच. मी ढग काढले, झाडं तोडली, कार्डाला नासकं म्हटलं, आणि चूक माझ्या हाताची.

लोक चष्मा कपाळावर ठेवून मला फोन करायचे, 'बाई, नंबर वाढला.' मी त्यांना किती हसले असेन.

केबल खालच्या भोकात लावली. अठ्ठेचाळीस! चाळीसची अट पार. ढग परत आले. मी धावपट्टीच्या टोकाला विमान उभं केलं आणि नुसती बघत बसले. काचेवर माझ्यासमोरच्या घड्याळांचं प्रतिबिंब होतं, आणि त्याच्या आरपार गवत दिसत होतं. प्रतिबिंब आणि आरपार एकाच काचेत, प्रमाणात. ते मी कॉलेजात गणिताने शिकले होते. दिसलं आज.

नंतर तुझा आणखी एक शब्द आला. "हसलो."

दुपारभर मी तो शब्द घेऊन घरभर फिरले.

तुझी ताई

२२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

सतरा दिवस लिहिलं नाही. त्या काळात मी रोज सकाळी उडत होते. सतरा वेळा पडले, एकदा तळ्यात. पण आता सरळ खाली येता येतं. हे पत्र त्या सरळ खाली येण्याबद्दल आहे.

धावपट्टीच्या बाजूला चार दिवे असतात, ते तुला मी काय सांगायचं. पण माझ्याकरता ते नवीन होते. विमान योग्य उंचीवर असलं की दोन पांढरे, दोन लाल. फार वर असलं तर सगळे पांढरे. खाली जायला लागलं की एकेक लाल होत जातो, आणि चारही लाल म्हणजे जमीन जवळ आली, वर उचल. इतकं साधं, इतकं सुंदर, की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळी वाजवली.

मग मी तुझे व्हिडिओ पुन्हा लावले. तू दर वेळी हव्या उंचीपेक्षा खाली येतोस, भिंगरी. जरासाच खाली, पण दर वेळी. आणि कधी कधी हसत म्हणतोस, "आज दिवे बंद ठेवलेत वाटतं यांनी." बघणारे हसतात, त्यांना वाटतं तू विमानतळाची थट्टा करतोस. दिवे बंद नसतात. लाल असतात. लाल तुला विझल्यासारखा दिसतो. हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, बाकी कुणाला तू कळू दिलेलं दिसत नाही.

आता बसचं सांगते.

तू एकोणीस वर्षांचा होतास आणि मी नुकती डोळ्यांच्या दवाखान्यात लागले होते, जिथे वैमानिक व्हायला निघालेल्या मुलांची तपासणी व्हायची. रंगांच्या परीक्षेच्या पाट्या, ठिपक्यांमध्ये आकडे लपलेल्या, मी अभ्यासाला घरी आणल्या होत्या. शिवण उसवली होती म्हणून त्या सुट्या डब्यात असायच्या. एका संध्याकाळी मी ताटं धूत होते, तू पुसत होतास, आणि म्हणालास, "ताई, डबा उघडू नकोस. नुसता पाटीचा क्रमांक सांग, मी आकडा सांगतो." मी सांगत गेले, तू अडखळला नाहीस. मला वाटलं, काय हुशार आहे माझा भाऊ. शेवटचं ताट पुसताना मला कळलं की तुला आकडे दिसत नाहीत, पाठ आहेत.

मी काही बोलले नाही.

तुझ्या तपासणीच्या दिवशी डबा मांडायचं काम माझं होतं. सकाळी, डॉक्टर यायच्या आधी, मी त्या पाट्या बाहेर काढल्या आणि पत्त्यांसारख्या पिसल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही, कुणालाच नाही. मग तू आलास, नवा शर्ट घालून. मी भिंतीला टेकून उभी होते. तू एकापाठोपाठ एक आकडे म्हणत गेलास, मोठ्याने, पाठ केलेल्या क्रमाने, आणि समोरची पाटी दर वेळी दुसरीच होती. पाचव्या पाटीला डॉक्टरांनी डबा मिटला. तू तरीही सहावा आकडा म्हणालास.

म्हणून घरी परतताना मी बसमध्ये बोलले नाही. काय बोलणार होते?

मी जे केलं ते चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही नाही. तू उद्या माणसं घेऊन उडणार होतास. पण ते पाठीमागून केलं, हे चूक होतं. मला ताटं पुसतानाच म्हणायला हवं होतं, 'भिंगरी, तुला लाल दिसत नाही, बाळा.' तू रडला असतास, ताट आपटलं असतंस, आठ दिवस बोलला नसतास. अडतीस वर्षं तरी गेली नसती.

उजव्या खुर्चीचा माझा अर्ज मी मागे घेते. ठेवायचा की फाडायचा ते तू ठरव.

ताई

१४ मे

प्रिय भिंगरी,

तीन आठवडे वाट पाहिली. रविवारी तुझी उड्डाणंही बंद होती. तुझे भावोजी रोज सकाळी विचारायचे, "आलं?" आणि मी म्हणायचे, "नाही," आणि ते माझा चहा करायचे.

काल आलं. पहिल्यांदाच तू मला पानभर लिहिलं आहेस.

मला वाटत होतं तुला संशय असेल. इतकी वर्षं मी तुझ्या रागाचा अर्थ तोच लावला होता. आणि तू लिहितोस, "मला कधी शंकाही आली नाही. मला वाटलं मी घाबरलो. पाठ केलेलं सगळं ऐन वेळी उलटसुलट झालं असं वाटलं. तू बसमध्ये खिडकीबाहेर बघत होतीस, मला वाटलं तुला माझी लाज वाटते. पुढे विमानतळावर सामान भरायच्या खात्यात लागलो, वरच्या जागेसाठी दोनदा परीक्षा होती. दोन्ही वेळा गेलो नाही. ऐन वेळी गडबडणारा माणूस आहे मी, असं सगळ्यांना सांगत आलो. बायकोलासुद्धा. ताई, मी तसा माणूस नव्हतोच का?"

नव्हतास. तू सहाच्या सहा आकडे क्रमाने म्हणालास. एकही चुकला नाही. मी तिथे होते, मला तो क्रम पाठ होता. आवाज थरथरला नाही, हात गुडघ्यांवर स्थिर होते. मी इतक्या वर्षांत हजारो माणसं त्या खुर्चीत बसवली, इतका शांत कुणी पाहिला नाही. हे मी तुला त्याच दिवशी बसमध्ये सांगू शकले असते, आणि माझं बिंग फुटेल म्हणून सांगितलं नाही.

तू पुढे लिहिलंस, "मला तुझा राग आलाय." येऊ दे. मी तो कमी करायला काही लिहिणार नाही. दोन परीक्षा मी तुझ्याकडून हिरावून घेतल्या, त्या माझ्याजवळ परत द्यायला नाहीत.

फक्त एक चौकशी, तुला हवी तर उत्तर दे. त्या वरच्या जागेत काय काम असतं? विमानात कुठे किती वजन ठेवायचं ते ठरवतात का? मागे जड झालं तर नाक वर जातं का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. तू काय करतोस हे मी तुला कधी विचारलंच नाही.

तुझी ताई

२६ मे

प्रिय भिंगरी,

काल तू तिथे होतास, मीही होते, मग लिहायचं कशाला, असं तुझे भावोजी विचारतात. पण तुला तुझ्या बाजूचंच ठाऊक आहे.

शनिवारी तुझा निरोप आला: "रविवारी उजवी खुर्ची रिकामी आहे. आधी संगणक अर्धा तास चालवून गरम कर." मी दोन तास केला. दुकानवालीला फोन केला, ती म्हणाली, "काकू, कार्ड तापलं तरी चालेल, तुम्ही तापू नका." सकाळी दहा वाजता मी वेणी घालून, बाहेर जायची साडी नेसून बसले. कॅमेरा नाही हे मला माहीत होतं.

तू माईकवर म्हणालास, "आज उजव्या खुर्चीत माझी थोरली बहीण आहे. मोठा अनुभव. सतरा वेळा पडली आहे." लोक भराभर लिहायला लागले. कुणीतरी लिहिलं, 'ताई, पट्टा बांधा.' मी खरंच पोटावर हात नेला. तुला ते दिसलं नाही.

वर असताना तू माझ्याशी फक्त कामाचं बोललास. चाकं, पंखांची पाती, वेग. मला ते पुरेसं होतं. पन्नास चित्रं हलत होती आणि एकही अडखळलं नाही, त्या सोळावाल्याचं मी मनात कौतुक करत होते. मग खाली यायला लागलो, विमानतळ दिसला, आणि तू अचानक विचारलंस, "ताई, दिवे काय म्हणतात?"

मला वाटलं तू दोघांतच बोलतोस. पण माईक चालू होता, एकशे चाळीस माणसं ऐकत होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. चार दिवे समोर स्पष्ट दिसत होते. त्या क्षणी, भिंगरी, मला फार वाटलं की 'छान आहे, ये असाच' म्हणावं. इतक्या वर्षांनी तू काही मागितलं होतंस.

मी म्हटलं, "तीन लाल, एक पांढरा. खाली आहेस."

तू विचारलंस, "नक्की?"

"नक्की. वर घे."

"घेतो," म्हणालास, आणि घेतलंस. मग दोन लाल, दोन पांढरे झाले, मी सांगितलं, आणि तू तेवढेच धरून ठेवलेस, अगदी चाकं टेकेपर्यंत.

नंतर कुणीतरी विचारलं, 'कॅप्टन, आज दिवे ताईंना का विचारले?' आणि तू किती साधेपणाने म्हणालास, "कारण मला लाल दिसत नाही. लहानपणापासून. तिला दिसतो."

तुझे भावोजी माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझा माईक बंद करायचा राहिला होता, त्यामुळे मी नाक ओढलेलं सगळ्यांनी ऐकलं असणार. ऐकू दे.

तुझी ताई